पिणाऱ्याचा मेंदू

रोज संध्याकाळी एक क्वार्टर घेणारा माणूस स्वतःला बेवडा समजत नाही. त्याच्या हिशेबाने तो लिमिटमध्ये असतो. कामावर वेळेवर जातो, कर्जाचे हप्ते भरतो, रस्त्यात पडलेला त्याला कुणी पाहिलेला नसतो. पण क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. व्हिस्की, रम किंवा देशीच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के हा आकडा छापलेला असतो. म्हणजे तिच्यात सुमारे ७७ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल आलं, वजनात ६० ग्रॅमच्या जरा वर. वैद्यकात एक ड्रिंक १० ग्रॅमचं धरतात, त्या मापाने ही सहा ड्रिंक झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर पुरुषासाठी दिवसाला ६० ग्रॅमच्या पुढे मोठा धोका सुरू होतो. वीस वर्षं रोज एक क्वार्टर घेणारा आणि कधीही न झिंगलेला माणूस या पुस्तकाच्या मधोमध आहे, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. गुत्त्याबाहेर पडलेल्या माणसाकडे बोट दाखवून आपण फार काळ स्वतःला आणि आपल्या माणसांना वगळलं आहे.

दारूने लिव्हर जातं, हे खेडोपाडी सगळ्यांना ठाऊक आहे. डोळे पिवळे झाले, पोटात पाणी झालं की घर हादरतं, माणसाला दवाखान्यात नेलं जातं. मेंदूच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. त्याला झालेली इजा दुखत नाही आणि त्वचेवर उमटत नाही. ती वागण्यात दिसते, आणि वागण्याचा दोष आपण माणसाच्या स्वभावावर टाकून मोकळे होतो. कालचं आठवत नाही म्हणणारा खोटारडा ठरतो. पाय फाकवून, भिंत धरून चालणारा आत्ताच ढोसून आलाय असं समजलं जातं. मुलांच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ चौथ्यांदा मोडणारा निर्लज्ज ठरतो. यात स्वभावाचा भाग किती आणि मेंदूच्या इजेचा किती, हे ओळखता आलं तर उपचार वेळेवर होतात, घरातलं भांडण वेगळ्या जागी जातं आणि कधीकधी माणूस वाचतो. हे पुस्तक त्या ओळखीसाठी आहे.

ही ओळख विज्ञानालाही सहज झाली नाही. १८८१ साली कार्ल वर्निके या जर्मन डॉक्टरने तीन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. तिघांचेही डोळे नीट फिरत नव्हते, चालताना तोल जात होता, मन गोंधळलेलं होतं. थोड्याच दिवसांत तिघेही गेले. शवविच्छेदनात मेंदूच्या खोल भागात, आतल्या पोकळ्यांच्या कडेला, बारीक बारीक रक्तस्राव दिसले. दोघे पुरुष होते आणि दोघेही भरपूर पिणारे. तिसरी होती शिवणकाम करणारी एक तरुण मुलगी. तिने सल्फ्युरिक ॲसिड प्यायलं होतं. त्यानंतर तिच्या पोटात अन्न टिकेना, सतत उलट्या होत राहिल्या. दारूशी तिचा काही संबंध नव्हता. मग तिच्या मेंदूत दारुड्याच्या मेंदूतलीच जखम कशी आली?

उत्तर त्या मुलीच्या रिकाम्या पोटात होतं. पण ते कुणाला दिसणं तेव्हा शक्य नव्हतं, कारण जीवनसत्त्व नावाची गोष्टच माहीत नव्हती. पुढच्या दशकात डच डॉक्टर क्रिस्टियान आइकमान जावा बेटावर कोंबड्यांना पॉलिश केलेला तांदूळ खायला घालत होता. त्या कोंबड्यांचे पाय लुळे पडत, आणि तांदळाचा कोंडा दिला की त्या पुन्हा उभ्या राहत. कोंड्यात काय आहे हे शोधता शोधता १९२६ साली बी-वन जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, वेगळं काढण्यात आलं. १९३६ साली ते प्रयोगशाळेत बनवणारा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्यम्स हा आपल्याकडे आंध्रातल्या नेल्लोरला जन्मलेला, मिशनरी आईबापांचा मुलगा. आज थायमिन अत्यंत स्वस्त औषधांपैकी एक आहे. या पुस्तकातली सर्वांत भीषण इजा आणि तिच्यावरचा हा स्वस्त उपाय यांच्यामधलं अंतर मला सारखं अस्वस्थ करतं.

मेंदू साखरेवर चालतो, आणि साखरेतून ऊर्जा काढायला थायमिन लागतं. शरीरात त्याचा साठा असतो जेमतेम ३० मिलिग्रॅमच्या आसपास, काही आठवड्यांत संपणारा. रोज पिणारा माणूस तो तीन-चार वाटांनी गमावतो. तो जेवतच नाही, फरसाण आणि उकडलेल्या अंड्यावर रात्र निघते. जे खातो त्यातलं थायमिन अल्कोहोलमुळे आतड्यातून नीट शोषलं जात नाही. खराब झालेलं लिव्हर ते साठवू शकत नाही. शिवाय मॅग्नेशियम कमी झालेलं असल्याने उरलंसुरलं थायमिनही कामाला येत नाही. साठा संपला की मेंदूच्या ज्या भागांचा ऊर्जेचा खप मोठा, ते आधी कोसळतात : थॅलॅमसचा मधला भाग, त्याच्या खाली पुढच्या बाजूला असणाऱ्या मॅमिलरी बॉडीज नावाच्या वाटाण्याएवढ्या दोन गाठी, आणि डोळ्यांच्या हालचाली सांभाळणारी केंद्रं. बाहेरून दिसतं ते असं : बुबुळं थरथरतात किंवा एकाचे दोन दिसतात, पाय ठरत नाहीत, माणूस गुंगीत आणि गोंधळात असतो. तिन्ही लक्षणं एकत्र दिसतीलच असं नाही. बहुतेकांत दिसतही नाहीत. आणि घरचे म्हणतात, अजून उतरली नाही, झोपू द्या.

ही झोप महागात पडते. वेळेत थायमिन मिळालं नाही तर मृत्यू येतो, किंवा मागे उरतो तो आजार जो मॉस्कोच्या सर्गेई कोर्साकोव्हने १८८७ पासूनच्या आपल्या लेखांत मांडला. कोर्साकोव्हच्या रुग्णाला जुनं बरंच आठवतं. शाळेतले मास्तर आठवतात, गिरणीतली पाळी आठवते. बोलणं व्यवस्थित असतं, पत्ते खेळता येतात, आल्यागेल्याची विचारपूस तो नीट करतो. नवीन मात्र काहीच मनात ठरत नाही. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन पाच मिनिटांनी परत आले तर ते पहिल्यांदाच भेटताहेत असं त्याला वाटतं. या रिकाम्या जागा मन आपोआप भरतं. सकाळी काय केलं असं विचारलं तर तो सांगेल, बँकेत जाऊन आलो, साहेब भेटले, पासबुक भरून घेतलं. आठवडाभर तो खाटेवरून उठलेला नसतो. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नसतो, कारण तो खोटं बोलत नाही. जुन्या आठवणींचे तुकडे त्याला आजचे म्हणून दिसतात. बायकोला हे समजावणं फार अवघड जातं. वीस वर्षं ती त्याच्या थापा ऐकत आलेली असते. त्या थापा आणि ही कथा यांच्यात फरक आहे, हे तिने मानावं असं सांगणाऱ्या माणसाने तिच्या वीस वर्षांचा मान ठेवूनच बोललं पाहिजे.

ऑस्ट्रेलियातले विकृतिशास्त्रज्ञ क्लाइव्ह हार्पर यांनी शवविच्छेदनांत एक विदारक गोष्ट दाखवली. मेंदूत वर्निकेची जखम स्पष्ट दिसत असलेल्या रुग्णांपैकी साधारण पाचातल्या एकाचंच निदान हयातीत झालं होतं. उरलेल्यांचा आजार ते जिवंत असताना कुणी ओळखलाच नव्हता. ऑस्ट्रेलियाने १९९१ पासून पावाच्या पिठात थायमिन घालणं सक्तीचं केलं आणि नंतरच्या शवविच्छेदनांत या जखमेचं प्रमाण घटलेलं आढळलं. शासनाने केलेल्या एवढ्या साध्या गोष्टीचा एवढा थेट परिणाम वैद्यकात क्वचित पाहायला मिळतो.

आपल्याकडे याच संदर्भात एक सवय बदलायला हवी. पिऊन निपचित पडलेल्या माणसाला दवाखान्यात आणलं की ग्लुकोजची बाटली लावली जाते. थायमिन संपलेल्या मेंदूला नुसती साखर दिली तर उरलेला कणही खर्ची पडतो आणि इजा उसळते. म्हणून थायमिन ग्लुकोजच्या आधी, निदान सोबत तरी, द्यायचं आणि तेही इंजेक्शनने, कारण अशा माणसाच्या आतड्यातून गोळी पुरेशी शोषली जात नाही.

इथपर्यंतची हकिगत उपासमारीची झाली. पण नीट जेवणाऱ्या पिणाऱ्याचा मेंदूही आकसतो. दारूच्या प्रत्येक घोटाने मेंदूतल्या हजारो पेशी मरतात, असं आपल्याकडे भाषणांत ऐकवलं जातं. ते खरं नाही, आणि भीती घालण्यासाठीही ते सांगू नये, कारण त्यातून ऐकणारा एकच निष्कर्ष काढतो : मेल्या त्या मेल्या, आता सोडून काय उपयोग? प्रत्यक्षात आकसण्याचा मोठा वाटा मेंदूच्या पांढऱ्या भागाचा असतो. हा भाग म्हणजे एका केंद्राकडून दुसऱ्याकडे जाणारे तंतू. त्यांच्यावर मायलिनचं आवरण असतं, विजेच्या तारेवर प्लास्टिकचं असतं तसं. वर्षानुवर्षांच्या दारूने हे आवरण विरळ होतं आणि निरोप सावकाश, अर्धवट पोचतात. पेशी मरतातही, पण सगळीकडे सारख्या नाहीत. हार्पर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात मेंदूच्या काही भागांतल्या पेशी मोजल्या, तेव्हा कपाळामागच्या भागात सुमारे एक पंचमांश पेशी कमी भरल्या. हातापायांच्या हालचाली चालवणाऱ्या पट्ट्यात मात्र असा फरक आढळला नाही.

कपाळामागचा हा भाग, ललाटखंड, या सगळ्या विषयाचा गाभा आहे असं मला वाटतं. उद्याचा विचार करून आजचा मोह आवरणं, एक बेत फसला तर दुसरा आखणं, आपल्या बोलण्याने समोरच्याला काय वाटलं हे ओळखणं, आपलं काहीतरी चुकतंय याची जाणीव होणं, ही कामं तिथे चालतात. म्हणजे दारू सोडायला जे जे लागतं, ते नेमकं दारूनेच दुबळं केलेलं असतं. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आलं. त्यातला सुधाकर बुद्धिमान वकील आहे, दारू सोडण्याची शपथ घेतो आणि पुन्हा पितो. शंभर वर्षं आपण त्याच्याकडे निश्चयाचा पराभव म्हणून पाहिलं. गडकऱ्यांच्या काळात जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावण्याचं साधन नव्हतं. आपल्याकडे ते आहे, तरी आपला न्याय अजून तोच आहे.

मात्र एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. मेंदूची इजा हे मारहाणीचं समर्थन होत नाही. ललाटखंड दुबळा झाला म्हणून नवऱ्याचा हात उठतो, असं कुणी या पुस्तकाच्या आधाराने म्हणू लागलं तर तो पुस्तकाचा दुरुपयोग आहे. तोच माणूस साहेबापुढे हात आवरतो. घरातल्या बाईची आणि मुलांची सुरक्षितता आधी, मेंदूची चिकित्सा नंतर.

लहान मेंदूबद्दल थोडंसं. मानेच्या वर, मागच्या बाजूला असलेल्या या भागाच्या मधल्या पट्ट्यातल्या मोठ्या पेशी, ज्यांना पुर्किंजे पेशी म्हणतात, दारू आणि थायमिनची कमतरता यांनी झडतात. त्यांचं काम उभं राहण्याचा आणि पायांचा तोल सांभाळणं. म्हणून महिना महिना थेंबही न घेतलेला माणूस पाय फाकवून, लटपटत चालतो, आणि बसमध्ये लोक नाकाला रुमाल लावून बाजूला सरकतात. त्याच्या हातांचं कसब बऱ्याचदा शाबूत असतं. मोठ्या मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या पुलाचाच नाश होण्याचा एक दुर्मीळ आजार मार्कियाफावा आणि बिन्यामी या इटालियन डॉक्टरांनी १९०३ साली वर्णिला. तो क्वचित दिसतो, इथे फक्त नोंद.

त्यापेक्षा वारंवार घडणारी आणि चुकून निसटणारी गोष्ट आहे ती पडण्याची. मेंदू आकसला की कवटी आणि मेंदू यांच्यातली जागा वाढते. त्या जागेतून जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात. अशा माणसाचं डोकं न्हाणीघरात साधं आपटलं तरी एखादी शीर तुटते आणि रक्त दोन-तीन आठवडे हळूहळू साचत राहतं. मग तो सुस्तावतो, बरळतो, एका बाजूचा हात जड होतो. पिणाऱ्याच्या बाबतीत यातलं काहीही नवं वाटत नाही, म्हणून सीटी स्कॅन होत नाही. वेळेत झाला तर शस्त्रक्रियेने ते रक्त काढता येतं आणि माणूस पूर्ववत होऊ शकतो.

एकाएकी दारू बंद करण्याचा धोकाही घरोघरी माहीत असायला हवा. अल्कोहोल मेंदूला शांत करणाऱ्या रसायनांचा जोर वाढवतं. रोजच्या पिण्याला तोंड देताना मेंदू उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटची बाजू वाढवून समतोल राखतो. दारू अचानक थांबली की ही वाढवलेली बाजू मोकाट सुटते. हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी काहींना भास सुरू होतात. भिंतीवर किडे दिसतात, पोलीस आलेत असं वाटतं, घाम आणि ताप येतो. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार नसतील तर त्यात जीव जाऊ शकतो. २०२० च्या टाळेबंदीत दुकानं एका रात्रीत बंद झाली तेव्हा अशा गंभीर विड्रॉवलचे, म्हणजे दारू थांबल्यावर होणाऱ्या त्रासाचे, रुग्ण वाढल्याची नोंद बंगळुरूच्या डॉक्टरांनी केली आहे. प्रत्येक विड्रॉवलमध्ये ग्लुटामेटचा हा मारा पेशींना इजा करतो, आणि वारंवार सोडून वारंवार धरणाऱ्याचा पुढचा विड्रॉवल आधीच्यापेक्षा कठीण होत जातो. म्हणून खोलीत कोंडून, खांबाला बांधून सोडवणं हा उपचार नाही. गोळ्यांच्या आधाराने, डॉक्टरांच्या नजरेखाली सोडवणं, हाच तो.

स्त्रियांच्या बाबतीत दोन शब्द वेगळे सांगायला हवेत. स्त्रीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच दारूने रक्तातलं अल्कोहोल जास्त चढतं आणि व्यसनापासून इजेपर्यंतचा प्रवास बहुधा कमी वर्षांत होतो. आपल्याकडे बाईचं पिणं लपवलं जातं, आणि लपवल्यामुळे थायमिनही तिच्यापर्यंत पोचत नाही.

थोडी पिणाऱ्यांचा प्रश्न वाचक विचारणारच. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांपैकी ५५० जणांच्या पिण्याची तीस वर्षांची नोंद आणि नंतरचे एमआरआय यांची सांगड घालणारा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस जास्त पिणाऱ्यांत अधिक आकसलेला दिसलाच, पण मध्यम पिणाऱ्यांतही फरक होता. २०२२ साली ब्रिटनमधल्याच ३६ हजारांहून अधिक लोकांच्या स्कॅनवरून तसाच कल निघाला. हे सरासरीचे कल आहेत, एकट्या माणसाचं भविष्य नव्हे, आणि अशा पाहणीतून कारण पूर्णपणे सिद्ध होत नाही. पण थोडी घेतली तर मेंदूला बरी, या समजुतीला आता आधार उरलेला नाही. वयाच्या पासष्टीआधी होणाऱ्या स्मृतिभ्रंशाबद्दल फ्रान्समधल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून २०१८ साली जे समोर आलं ते अधिक बोलकं आहे : अशा रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त, ५७ टक्के, अतिमद्यपानाशी संबंधित होते.

आता त्या भागाकडे येतो ज्यासाठी हे पुस्तक लिहावंसं वाटलं. १९७८ साली टोरांटोमधल्या पीटर कार्लन आणि सहकाऱ्यांनी नुकत्याच दारू सोडलेल्या काही रुग्णांचे सीटी स्कॅन काही काळाने पुन्हा काढले. ज्यांनी सोडलेली दारू पुन्हा धरली नाही, त्यांच्यातल्या काहींचा आकसलेला मेंदू भरून आलेला दिसला. तेव्हा या गोष्टीवर विश्वास बसणं कठीण होतं, कारण मेंदूचं गेलेलं परत येत नाही असंच सगळे मानत होते. पुढे एमआरआयने ती खरी ठरवली. पहिल्या काही आठवड्यांत सुधारणा भराभर होते, नंतर महिनोन्‌महिने सावकाश. मेलेल्या पेशी उठून बसत नाहीत. आकसलेल्या पेशी आणि त्यांच्या फांद्या भरतात, मायलिन सावरतं. वय जास्त असेल, सिगारेट चालू असेल, तर भरपाई कमी होते. कोर्साकोव्हच्या रुग्णांतही सगळ्यांचं सगळं संपलेलं नसतं : ढोबळमानाने पाव लोक बरेच सुधारतात, पाव अजिबात सुधारत नाहीत, उरलेले मधे कुठेतरी थांबतात.

मेंदू भरून येण्याच्या या वेळापत्रकाचा उपयोग समुपदेशकांनी करून घ्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. दारू सोडल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात मेंदू सर्वांत दुबळ्या अवस्थेत असतो, आणि नेमकं तेव्हाच आपण त्याच्यापुढे व्याख्यानं, वह्या आणि संकल्प ठेवतो. त्याने मान डोलावली म्हणजे त्याच्या मनात ते ठरलं असं नाही. तीच गोष्ट थोडक्यात, पुन्हा पुन्हा, कागदावर लिहून द्यावी. महत्त्वाचे निर्णय, नोकरीचे, घटस्फोटाचे, जमिनीच्या वाटणीचे, त्या काळात त्याच्याकडून करवून घेऊ नयेत. डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांत रुग्ण काही आठवडे मुक्काम करतो आणि नंतरही फॉलो-अपला येत राहतो. मेंदूच्या भरून येण्याच्या गतीकडे पाहिलं तर या दोन्ही गोष्टींचं महत्त्व पटतं. आठ दिवसांत दारू सोडवण्याची हमी देणाऱ्या जाहिराती मात्र मेंदूला जितका वेळ लागतो तितका द्यायला तयार नसतात.

पुढची प्रकरणं क्रमाने वाचलीच पाहिजेत असं नाही. ज्यांच्या घरात कुणी सध्या पितं आहे त्यांनी विड्रॉवलवरचं प्रकरण आधी वाचावं, ज्यांच्या घरात कुणी नुकतंच सोडलं आहे त्यांनी भरपाईवरचं. आणि हे वाचत असताना घरातल्या पिणाऱ्या माणसाचे डोळे थरथरत असतील, त्याला धड उभं राहता येत नसेल, तो तारीख-वार विसरून भलतंच बोलत असेल, तर पुस्तक बाजूला ठेवून त्याला रुग्णालयात न्यावं. किती वर्षं पितो, किती पितो, शेवटचं नीट कधी जेवला, गेल्या महिन्यात डोकं आपटलं होतं का, हे न लपवता सांगावं. आणि सलाइन लावलं जात असताना डॉक्टरांना विचारावं : थायमिनचं इंजेक्शन दिलंय का?